चवर, हळद आणि पेव: एका सुगंधी कुळाची भावकी

सांगलीत वाढलेल्या माणसाला 'पेव' म्हटलं की हरिपूर आठवतं. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळचं गाव, आणि त्याच्या जमिनीखाली साठवलेली हळद. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत मात्र रांजणासारखं रुंद, काही पुरुष खोल. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही. कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत काही तास थांबतात. २००५ च्या महापुराने यातली कितीतरी पेवं बुडवली, पण शब्द आमच्या तोंडात राहिला.

कॉलेजात असताना वनस्पती बघायला आम्ही पाटणच्या बाजूला गेलो होतो. श्रावण चालू होता. ओढ्याकाठच्या एका झाडाकडे बोट दाखवून सर म्हणाले, "हे पेव." मी बघतच राहिले. कमरेच्याही वर गेलेली दांडी, तिच्याभोवती गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखी वळत चढलेली पानं, टोकाला लाल कणीस आणि त्या कणसातून निघालेलं पांढरंशुभ्र, क्रेप कागदासारखं चुरगळलेलं फूल. माझ्या डोक्यात पेव म्हणजे हळद. म्हणून विचारलं, "सर, याचं हळदीशी काही नातं?"

"आहे की. पण चुलत. एका घरातलं नव्हे."

आता मी स्वतः वनस्पतिशास्त्र शिकवते, आणि वर्गीकरण शिकवायची वेळ आली की याच प्रश्नापासून सुरुवात करते. मुलांना वर्गीकरण म्हणजे पाठ करायची लॅटिन नावं वाटतात. मला तसं वाटत नाही. वर्गीकरण म्हणजे भावकीची वंशावळ, आणि ती वाचायला आपल्याकडे सांगली-साताऱ्याइतकी चांगली जागा नाही. हळद इथली, आलं इथलं, आणि कासच्या पठारावर त्यांचे रानातले सोयरेही इथलेच.

आधी चार शब्दांचा उलगडा करते. प्रत्येक वनस्पतीला शास्त्रात दोन शब्दांचं नाव असतं. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे आडनाव. दुसरा जातीचा, म्हणजे तिचं स्वतःचं नाव. आपण नाव आधी आणि आडनाव नंतर लावतो, इथे उलट. हळद म्हणजे 'कर्क्युमा लोंगा'. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये हे नाव छापलं. कर्क्युमा हा शब्द अरबी 'कुर्कुम'वरून आला. एकमेकांशी जवळचं नातं असलेल्या प्रजाती मिळून एक कुल होतं, आणि अशी कुलं मिळून गण. हळदीचं कुल 'झिंजिबरेसी'. हे नाव आल्यावरून पडलंय, आणि आल्याचं 'झिंजिबर' मुळात आपल्याच 'शृंगवेर'चं रूप. प्राकृतातून ग्रीकमध्ये, तिथून लॅटिनमध्ये गेलं आणि शास्त्रीय नाव होऊन परत आलं.

या कुलात सुमारे ५० प्रजाती आणि १६०० च्या आसपास जाती आहेत. हळद, आलं, वेलदोडा, मसाल्याची मोठी वेलची, आंबेहळद, कचोरा, कोळिंजन, सोनटक्का, भुईचाफा. आपल्या फोडणीत, मसाल्याच्या डब्यात, काढ्यात आणि केसांत माळायच्या फुलांत हे एकच घराणं किती ठिकाणी आहे बघा.

हे घराणं ज्या गणात आहे त्यात एकूण आठ कुलं. केळीचं, कर्दळीचं, हेलिकोनियाचं, आरारूटचं, बागेत पक्ष्याच्या चोचीसारखं फूल येणाऱ्या बर्ड ऑफ पॅराडाईजचं, पेवाचं, हळदीचं, आणि आग्नेय आशियात सापडणारं लोविएसी नावाचं एक छोटं कुल. या आठांना एकत्र कशावरून ओळखायचं? नवीन पान येताना बघा. केळीचं असो, कर्दळीचं असो की हळदीचं, ते पुंगळी होऊन वर येतं आणि मग उलगडतं. मध्ये जाड शीर, आणि तिच्यापासून दोन्ही कडांकडे निघालेल्या बारीक समांतर शिरा. वाऱ्याने केळीचं पान नेहमी आडवंच का फाटतं, ते या शिरांमुळे.

पण खरं नातं कळतं ते फुलात. इथे थोडं रेंगाळते, कारण हे कळलं की बाकी सगळं सोपं जातं.

श्रावण-भाद्रपदात हळदीच्या वावरात वाकून बघितलं, तर पानांच्या बुडख्यातून वर आलेला एक फिकट हिरवा कोंब दिसतो. कणसासारखा, पण त्याला एकावर एक छोटे खिसे असतात. पाऊस पडून गेल्यावर या खिशांत पाणी साठलेलं असतं. टोकाकडचे खिसे पांढरट, कधी गुलाबी झाक असलेले आणि रिकामे. लोक त्यांनाच फूल समजतात. खरी फुलं खालच्या खिशांतून डोकावतात, पिवळसर, नाजूक, दिवसभरात कोमेजणारी. मी एक फूल बोटांनी सोडवून मुलांच्या तळहातावर ठेवते आणि सांगते, "पुंकेसर मोजा."

पुंकेसर म्हणजे फुलातला नर भाग, ज्याच्यावर पराग असतात. मुलांना एकच सापडतो. आणि तळहातावरच्या फुलात सगळ्यांत देखणी, रुंद, मध्ये गडद पिवळा पट्टा असलेली जी पाकळी आहे, ती पाकळी नाहीच. ती दोन पुंकेसर एकमेकांना जोडून तयार झालेली आहे. तिच्या आजूबाजूच्या दोन पाकळ्या, त्याही मुळात पुंकेसरच. खऱ्या पाकळ्या तीनच, त्या या सगळ्यांच्या मागे असतात.

आता हिशोब मांडू. या गणाच्या पूर्वजांच्या फुलात सहा पुंकेसर होते. हळदीत एक पराग देतो, दोन जोडून मोठी पाकळी झाले, दोन बाजूच्या पाकळ्या झाले. पाच झाले. सहावा नाहीसा झाला. केळफूल सोलताना आतल्या नर फुलांत बघा, बहुतेकदा पाच पुंकेसर दिसतील, एकच गेलेला. पेवाच्या फुलात एक पराग देतो आणि उरलेले पाचही जोडून ती मोठी क्रेपची पाकळी झालेली. कर्दळीत तर पराग देणारा पुंकेसर अर्धाच उरलाय. त्याची एक कड पराग देते, दुसरी कड पाकळी झालीये. केळीत पाच, हळदीत आणि पेवात एक, कर्दळीत अर्धा. पुंकेसर कमी होत गेले तसा फुलाचा थाट वाढत गेला. भुंगे-मधमाश्यांना बोलवायचं काम पाकळ्यांचं असतं, ते या पुंकेसरांनी उचललं.

हळदीत आणखी एक गोष्ट भिंगातून दाखवण्यासारखी आहे. फुलाच्या मादी भागाची दांडी स्वतःच्या बळावर उभी राहू शकत नाही इतकी बारीक असते. ती त्या एकुलत्या पुंकेसराच्या दोन परागकोशांच्या, म्हणजे परागाच्या पिशव्यांच्या, मधल्या खोबणीतून वर जाते, त्याच्या आधाराने. झिंजिबरेसीची ही ठळक खूण आहे. आल्यात तर परागकोशाचं टोक लांब होऊन या दांडीला शिंगासारखं गुंडाळून घेतं.

आता सरांचं ते 'चुलत'. पेव आणि हळद दोघांतही पुंकेसर एक, म्हणून बरीच वर्षं पेवाला हळदीच्याच कुलात धरायचे, एक वेगळा पोटभाग म्हणून. १९४१ मध्ये जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ नाकाई यांनी पेवाचं वेगळं कुल मानलं, आणि पुढे डीएनएच्या अभ्यासानेही ते बरोबर ठरलं. आपल्याला डीएनए तपासायची गरज नाही. पान चुरगळून नाकाशी न्या. हळद, आलं, सोनटक्का, वेलदोडा, यांचं पान, खोड, कंद, काहीही चुरगळा, वास येणारच. अंगभर तेलाच्या पेशी असतात. पेवाच्या पानाला तो वास नाही. दुसरी खूण पानांच्या मांडणीची. हळदीच्या घराण्यात पानं दोन रांगांत, पंख्यासारखी. पेवात एकच रांग, ती दांडीभोवती फिरत वर जाते. हळदीची दांडी खरं तर दांडी नसते, केळीच्या सोपटासारखे पानांचे देठ एकमेकांत गुंडाळून ती झालेली असते. पेवाचं खोड खरं खोड.

वास, दोन रांगा, आणि पुंकेसराच्या आधाराने वर गेलेली ती दांडी. एवढं लक्षात ठेवलं तर रानात हळदीचं घराणं ओळखता येतं.

घराण्याच्या आत वाटण्या कशा झाल्यात, ही पुढची गोष्ट. आधीचे अभ्यासक बाजूच्या पाकळ्या किती मोठ्या आणि अंडाशयात, म्हणजे बी धरणाऱ्या भागात, कप्पे किती, यावर चार शाखा पाडायचे. त्यात आलं एका शाखेत एकटं होतं, आणि हळद, सोनटक्का, भुईचाफा दुसऱ्या शाखेत. २००२ मध्ये क्रेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुलातल्या अनेक प्रजातींच्या डीएनएची तुलना करून नवी मांडणी केली. आलं आणि हळद एकाच शाखेत आले. मला ही बातमी कळली तेव्हा खरंच आनंद झाला. कोरेगावच्या बाजूला सातारी आल्याचा भाव अजून गाडीवर सांगतात, गाडी म्हणजे ५०० किलो. हळदीचा भाव सांगलीच्या पेठेत निघतो, आणि सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. दोन शेजारच्या जिल्ह्यांची दोन पिकं, आणि ती सख्ख्या शाखेतली.

नव्या मांडणीत चार उपकुलं आहेत. दोन अगदी लहान. एक आफ्रिकेतलं, दुसरं बोर्निओच्या जंगलातल्या टामिजिया नावाच्या एकाच जातीचं, तीही २००० मध्ये पहिल्यांदा वर्णन झालेली. बाकी सगळी गर्दी दोन मोठ्या उपकुलांत. एकीकडे आलं-हळद, दुसरीकडे वेलदोडा-कोळिंजन. या दोघांतला फरक शेतात बघता येतो. हळदीचा गड्डा हलकेच उकरा आणि कंद जमिनीत कुठल्या दिशेला सरकत चाललाय ते बघा. पानांचा पंखा त्याच दिशेत उघडलेला असतो. वेलदोड्याचं बेट बघितलं तर पंखा कंदाच्या दिशेला आडवा. दुसरा फरक ऋतूचा. वेलदोड्याची बाजू बारमाही हिरवी, कंद चिवट. हळदीची बाजू पावसाळ्यात वाढते, मग पानं वाळवून टाकते आणि मांसल कंदात झोपी जाते. हळदीचा पाला पिवळा पडून वाळला की काढणीची वेळ झाली, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. ती वेळ म्हणजे झाडाच्या झोपेची वेळ.

हे घराणं पृथ्वीवर कुठं कुठं पसरलंय, हेही यातूनच समजतं. मुख्य गर्दी भारतापासून आग्नेय आशियापर्यंत, मलेशिया-इंडोनेशिया पार करून न्यू गिनीपर्यंत. आफ्रिकेत मोजक्या प्रजाती. दक्षिण आणि मध्य अमेरिकेच्या जंगलात मूळची एकच, रेनेल्मिया, आणि तीच आफ्रिकेतही. दोन्ही खंड एके काळी जोडलेले होते, म्हणून दोन्हीकडे ही असणार, असं पटकन वाटतं. पण तिच्या जातींच्या डीएनएवरून वय काढलं तेव्हा ती फार तरुण निघाली. खंड वेगळे होऊन कितीतरी काळ गेल्यावर ती समुद्र ओलांडून पलीकडे पोचली. आलं-हळदीची बाजू मात्र मोसमी पावसाच्या देशांत फुलली. चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडं, या गणितात कंदात झोपणारं झाड टिकतं. सह्याद्रीचं पठार म्हणजे याच गणिताचं टोक.

माणसाने नेलेली झाडं वेगळी. गणपतीत बाजारात येणारा आपला सोनटक्का हिमालय आणि त्याच्या पूर्वेकडचा, आज तो क्यूबाचं राष्ट्रीय फूल आहे, आणि हवाई बेटांवर रानात इतका माजलाय की तिथे त्याला तण म्हणतात. कर्दळ उलट अमेरिकेतून आपल्याकडे आली.

आता कास. २०१२ पासून हे पठार जागतिक वारशाच्या यादीत आहे. तेरडा आणि सीतेच्या आसवांच्या गालिच्यांचे फोटो सगळीकडे फिरतात, पण माझे पाय थांबतात ते चवराजवळ. कास, महाबळेश्वर, पाचगणीच्या सड्यांवर, म्हणजे सपाट कातळपठारांवर, पावसाळ्यात कमरेएवढी हिरवी झाडं दाट उगवतात. लांबट पानं, टोकाला हिरवा तुरा, त्यातून पांढरट फुलं. पानं दोन रांगांत, तुऱ्याला खिसे. हळद ओळखणाऱ्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल. हे झाड महाराष्ट्राच्या सह्याद्रीपुरतंच आहे, जगात दुसरीकडे रानात ते आढळत नाही. त्याच्या कंदात पिठूळ साठा असतो. १९व्या शतकात महाबळेश्वरात त्यापासून आरारूटसारखं पीठ काढायचे.

जॉन ग्रॅहम यांनी मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची यादी केली, ती १८३९ मध्ये छापली गेली. तिच्यात त्यांनी चवराला 'कर्क्युमा कॉलिना' म्हटलं. कॉलिना म्हणजे खोडाची. त्याच यादीत त्यांनी आपल्या रानहळदीलाही नाव दिलं, 'कर्क्युमा स्यूडोमोंटाना'. या रानहळदीच्या तुऱ्याचं टोक जांभळट-गुलाबी होतं आणि ती हिरव्या गवतात दुरून उठून दिसते. पुढे बेकर या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञांना चवर हळदीपेक्षा वेगळं वाटलं. त्यांनी ते ब्रह्मदेशातल्या एका झाडाच्या प्रजातीत, हिचेनियात, नेऊन घातलं. शंभरावर वर्षं सगळी पुस्तकं, आम्ही शिकलो तीही, चवराला 'हिचेनिया कॉलिना' म्हणत राहिली. मग डीएनएच्या अभ्यासात दिसलं की चवर हळदीच्या प्रजातीतूनच फुटलेलं आहे. त्याला बाहेर ठेवलं तर हळदीची वंशावळच अपुरी राहते. म्हणून ते परत कर्क्युमात आलं, ग्रॅहम यांनी ठेवलं होतं त्याच नावाने.

शास्त्रज्ञ सारखी नावं बदलतात म्हणून लोक वैतागतात, आणि मी तो वैताग समजू शकते. पेवाचंच बघा, 'कॉस्टस' होतं, २००६ मध्ये 'चैलोकॉस्टस' झालं, आता 'हेलेनिया' आहे. पण जुन्या वंशावळीत एखादी नोंद चुकली आणि पुढे कागद सापडला, तर ती दुरुस्त करायचीच असते. न करणं म्हणजे चूक माहीत असून तशीच ठेवणं.

आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, यात फार रस नव्हता. त्यांचा प्रश्न वेगळा होता. "तुझ्या रानहळदीला बी येतंय, माझ्या हळदीला का येत नाही गं?"

हा प्रश्न फार खोलातला आहे. झाडाच्या पेशीत गुणसूत्रं असतात, आणि ती बहुधा जोडीने असतात. बी तयार होताना जोड्या फुटून अर्धी-अर्धी वाटणी होते. आंबेहळदीत ४२ गुणसूत्रं, म्हणजे २१ च्या दोन रांगा, वाटणी सरळ. आपल्या लागवडीच्या हळदीत ६३. म्हणजे २१ च्या तीन रांगा. तीन बैलांच्या जोड्या कशा लावायच्या? एक उरतोच. वाटणी विस्कटते आणि बी धरत नाही. म्हणून हळद दरवर्षी कंदानेच लावावी लागते. जेठे गड्डे राखून ठेवायचे आणि अक्षय तृतीयेच्या सुमारास सरीवर लावायचे. माणसाने लावली नाही तर ती फार पसरणार नाही. मूळची रानटी हळद आज कुठेही सापडत नाही.

आण्णा ऐकून थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या आज्यानं लावलेलीच हळद मी लावतोय." बरोबर होतं. कंदाने लावलेलं झाड म्हणजे त्याच झाडाचा तुकडा. त्यामुळेच नवा वाण काढणं अवघड जातं. कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्रातून आलेला 'फुले स्वरूपा' वाणही निवडीतून तयार झालाय. आणि म्हणूनच चवर, रानहळद, आंबेहळद या बी धरणाऱ्या नातेवाइकांचं मला इतकं वाटतं. हळदीत जी विविधता उरली नाही, ती यांच्यात आहे. सडे तुडवले गेले, खोदले गेले, तर ती जाईल.

मागच्या पावसाळ्यानंतर आमच्या विभागातलं वाळवलेल्या नमुन्यांचं कपाट मी आवरायला घेतलं. त्यात महाबळेश्वरचा चवराचा एक जुना नमुना आहे. शिवून लावलेली पानं तपकिरी झालेली, तुरा चपटा, आणि कोपऱ्यात शाईने लिहिलेलं 'हिचेनिया कॉलिना'. जुनी चिठ्ठी कधी काढायची नसते. नवी बाजूला चिकटवायची, तारीख घालून. मी 'कर्क्युमा कॉलिना' लिहून चिकटवली, डिंक वाळू दिला, आणि तो कागद हिचेनियाच्या फोल्डरमधून काढून हळदीच्या फोल्डरमध्ये ठेवला. हिचेनियाच्या फोल्डरमध्ये दुसरं काही नव्हतं.